नव्व्याण्णव टक्क्यांच्या बाहेरचे

जालना जिल्ह्यातल्या मंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला. त्या वेळी एक आकडा सगळीकडे छापून आला: ९९. बँकेच्या ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून ठेवीची पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. आकड्यात खोट काही नाही. फक्त तो माणसांचा आकडा आहे आणि बुडतात ते रुपये.

गणित मांडून पाहू. समजा, तालुक्याच्या एका बँकेत १,००० ठेवीदार आहेत. त्यातल्या ९९० जणांचे सरासरी ४० हजार, म्हणजे ३ कोटी ९६ लाख. राहिलेल्या १० जणांचे प्रत्येकी २० लाख, म्हणजे २ कोटी. एकूण ठेवी ५ कोटी ९६ लाख. विम्याची कमाल मर्यादा ५ लाख. दहा जणांचे प्रत्येकी १५ लाख, मिळून दीड कोटी, विम्याबाहेर राहिले. ठेवीदार ९९ टक्के सुरक्षित, पैसा जेमतेम ७५ टक्के. हे आकडे उदाहरणाचे आहेत, मंठ्याचे नव्हेत. पण देशाचं चित्र याच अंगानं जातं. ३१ मार्च २०२४ रोजी भारतातली ९७.८ टक्के ठेव खाती पूर्णपणे विम्याच्या छत्राखाली होती. रकमेच्या हिशेबानं मात्र विमा होता ४३.१ टक्के ठेवींना.

मोठ्या शहरात उरलेले ५७ टक्के म्हणजे कंपन्या आणि धनाढ्य, असं समजून पुढं जाता येतं. जालन्यासारख्या जिल्ह्यात तसं म्हणता येत नाही. इथं विसेक लाखांची एफडी असणारा माणूस बऱ्याचदा नुकताच निवृत्त झालेला शिक्षक असतो. नाहीतर समृद्धी महामार्गात जमीन गेलेला शेतकरी असतो, ज्याच्या हाती आयुष्यात एकदाच एवढी रक्कम आली आणि ती त्यानं ओळखीच्या बँकेत ठेवली. नव्व्याण्णवाच्या बाहेर राहिलेला एक टक्का श्रीमंतच असतो, या समजुतीवर आपल्याकडची ठेव विम्याची चर्चा फार आरामात चालते.

ही मर्यादा कशी वाढत गेली तेही पाहण्यासारखं आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला, मर्यादा १,५०० रुपये. १९९३ मध्ये ती १ लाखावर पोचली आणि तिथंच २७ वर्षं थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, मुंबईत ठेवीदार रस्त्यावर उतरले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाले. ठेवीदारांसाठीचा कायदा बहुतेक वेळा कुठली तरी बँक बुडाल्यावरच हलतो.

मंठ्यावर निर्बंध आले १७ नोव्हेंबर २०२० ला. तेव्हा मर्यादा ५ लाख झाली होती, पण विम्याचे पैसे परवाना रद्द होऊन अवसायक नेमला गेल्यावरच मिळत. निर्बंध सहा-सहा महिन्यांनी वाढवत नेण्याची मुभा होती. पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी २०१३ ते २०२२ हा काळ असाच काढला. १ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आता निर्बंध लागल्यावर ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी द्यायची आणि पुढच्या ४५ दिवसांत ठेव विमा महामंडळानं ती तपासून पैसे द्यायचे, एकूण ९० दिवस. आधीपासून निर्बंधाखाली असलेल्या २१ बँकांची यादी महामंडळानं काढली, तीत मंठा अर्बन होती. इतक्या वर्षांत ठेवीदाराच्या बाजूनं झालेला हा सर्वांत कामाचा बदल, असं माझं मत आहे. रकमेच्या वाढीपेक्षाही मोठा.

बारीक अक्षरातलं थोडं. ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. एकाच बँकेच्या चार शाखांत चार एफडी असल्या, तरी त्या एकत्र मोजतात. आणि त्याच बँकेचं कर्ज तुमच्या डोक्यावर असेल, तर ते आधी वळतं होतं.

पाच लाखांच्या वरच्या ठेवीदाराचं काय? त्यानं अवसायकाच्या वसुलीकडं डोळे लावायचे. नवी दिवाळखोरी संहिता, २०१६ ची, सहकारी बँकेला लागू नाही. बँक मोडीत निघते ती सहकार कायद्यानं. शिवाय महामंडळानं विम्यापोटी दिलेले पैसेही वसुलीतूनच परत करणं अवसायकावर बंधनकारक आहे. म्हणजे रांगेत तो एकटा नाही.

वसुली होते कर्जदाराच्या तारणातून. तारण थेट ताब्यात घेऊन विकू देणारा २००२ चा सरफेसी कायदा सहकारी बँकांना वापरता येतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढं गेला, तो मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणातून. ५ मे २०२० रोजी उत्तर मिळालं, वापरता येतो. मग कर्जदाराला नोटिशीचे ६० दिवस, ताबा घेतल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस, आणि तिथं हरल्यावर वर अपील करायचं तर थकबाकीच्या निम्मी रक्कम आधी भरायची. अपील न्यायाधिकरण फार तर ती २५ टक्क्यांवर आणू शकतं. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या निकालानं आणखी एक दार लावलं: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून तारण सोडवण्याचा हक्क संपला.

एवढं कडक हत्यार जालन्याच्या स्टील कारखान्याच्या शेडवर चालतं, आठही तालुक्यांतल्या कापूस-सोयाबीनच्या रानावर चालत नाही. शेतजमिनीवरच्या तारणाला या कायद्याच्या कलम ३१ मध्ये सूट आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच. मात्र जिचं बरंचसं तारण शेतीचं, त्या ग्रामीण बँकेच्या ठेवीदाराला सहकार कायद्याच्या वसुली दाखल्याची लांब वाट धरावी लागते.

तारण विकलं गेलं तरी किती आले, हा पुढचा प्रश्न. सावरगाव हडपचा जालना सहकारी साखर कारखाना राज्य सहकारी बँकेनं २०१२ मध्ये सुमारे ४२ कोटींना विकला. जून २०२२ मध्ये ईडीनं तीच जमीन, इमारत आणि उरलेली यंत्रसामग्री ७८.३८ कोटींची म्हणून जप्त केली. राज्य बँकेनं कारखाने कवडीमोलानं विकले, हा ईडीचा आरोप. राज्य बँकेच्या मूळ प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं दोनदा तपास बंद करण्याचा अहवाल दिला आहे. खरं-खोटं न्यायालय ठरवील. ज्यांच्या शेअर्सवर कारखाना उभा राहिला ते ऊस उत्पादक मात्र रांगेत नव्हतेच. ते सभासद, आणि सभासदाचा क्रमांक सगळी देणी फिटल्यावर येतो.

बँकेच्या ठेवीदाराला निदान ५ लाख आहेत. पतसंस्थेच्या ठेवीदाराला विमा शून्य, मल्टिस्टेट पतसंस्थेच्याही. शेजारच्या बीडमधल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये चार लाखांहून अधिक लोक अडकले, असं ईडी सांगते. अशांसाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा: मालमत्ता जप्त करायची, विशेष न्यायालयानं ती विकून पैसे वाटायचे. पण त्याच मालमत्तेवर बँकेचा बोजा असला तर? बँका सरफेसीवर बोट ठेवून पुढं येत.

१५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं हा क्रम बदलला. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात, म्हणजे सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांच्या ५,६०० कोटींच्या घोटाळ्यात, एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणधारक बँकांना अग्रहक्क सांगता येणार नाही, असा निकाल दिला. दिवाळखोरी संहितेची स्थगितीही त्या जप्तीआड येत नाही.

हा अग्रक्रम जप्त झालेल्या मालमत्तेपुरताच आहे. जी मालमत्ता सरकारच्या अधिसूचनेत आलीच नाही, ती बँक सरफेसीखाली विकू शकते. म्हणून पतसंस्थेचे ठेवीदार जेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयावर जातात, तेव्हा निवेदनात आधी हे मागायला हवं: कोणते गट नंबर, कोणते प्लॉट, कोणत्या तारखेला जप्तीत आले त्याची यादी, आणि सातबाऱ्यावर तशी नोंद झाली का, त्याचा उतारा.