जुन्या फितींतून नवा जलसा

गायक उठून जातात, वाद्यांवर गवसण्या चढतात, श्रोते शेवटची आगगाडी गांठण्यासाठीं घाईनें बाहेर पडतात, आणि जलसा संपतो. चित्र भिंतीवर राहतें, मूर्ति देवळांत राहते. परंतु गाणें गाइलें त्याच क्षणीं विरून जातें. तरीहि पन्नास वर्षांपूर्वीं झालेला एखादा जलसा आज आपण घरीं बसून ऐकतों. हें कसें घडतें, त्यांत यंत्राचें काम किती व मनुष्याच्या विवेकाचें किती, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, असा ह्या लेखाचा उद्देश आहे. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, कोणीं तरी यंत्र लाविलें, आणि यंत्रानें जें टिपलें तेंच जसेंच्या तसें तबकडीवर आलें. वस्तुस्थिति तशी नाहीं. जलशाची तबकडी ही पदोपदीं निवड करून तयार होते; आणि ती निवड प्रामाणिकपणें झाली आहे कीं नाहीं, ह्यावरच तिची योग्यता ठरते.

प्रथम फीत म्हणजे काय तें पाहूं. ध्वनिमुद्रणाची फीत ही प्लॅस्टिकची एक लांब, पातळ पट्टी होय. तिच्या एका अंगास लोखंडाच्या गंजासारख्या तांबूस भुकटीचा लेप दिलेला असतो. गायकाचा आवाज मायक्रोफोनवर पडला म्हणजे त्याच्या लहरींचें विजेच्या लहरींत रूपांतर होतें. ही वीज एका लहानशा विद्युच्चुंबकांतून जाते, आणि त्याच्यासमोरून सरकणाऱ्या फितीवरील कण त्या त्या लहरीप्रमाणें चुंबकित होतात. ऐकतेवेळीं हीच क्रिया उलट घडते. फीत जितकी रुंद व तिची गति जितकी अधिक, तितका आवाज स्वच्छ. घरगुती कॅसेटची फीत सेकंदास ५ सेंटिमीटरांहूनहि कमी सरकते. ध्वनिमुद्रणगृहांतील मोठ्या चक्राची फीत बहुधा ३८ सेंटिमीटर धांवते. ह्या गतीनें २,५०० फूट फीत सुमारें ३३ मिनिटांत संपते. म्हणून मोठ्या जलशांत दोन यंत्रें ठेवीत, आणि एकाची फीत संपण्यापूर्वींच दुसरें सुरू करीत.

आरंभीं सगळा आवाज फितीवर एकत्र उतरे. पुढें एकाच फितीवर शेजारीं शेजारीं आठ किंवा सोळा स्वतंत्र वाटा पाडण्याची युक्ति निघाली. ह्या वाटांस ट्रॅक म्हणतात. एका वाटेवर गायक, दुसरीवर गिटार, तिसरीवर ड्रम, चौथीवर श्रोत्यांच्या टाळ्या, असें वेगवेगळें मुद्रण होतें. आणि कोणाचा आवाज किती ठेवावा हें मागाहून शांतपणें ठरवितां येतें. रॉक नांवाच्या पाश्चात्य संगीतांत विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा गजर फार असल्यामुळें तेथें ही सोय फारच उपयोगी पडली.

ह्याचें एक जगप्रसिद्ध उदाहरण घेऊं. १९६९ सालीं १५ ते १८ ऑगस्ट ह्या दिवसांत अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत बेथेल गांवाजवळ मॅक्स यास्गर नांवाच्या एका गोपालकाच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव भरला. चार लाखांवर लोक जमले. पाऊस पडला, चिखल झाला. तरी गाणें चालूच राहिलें. पहिल्याच रात्रीं तेथें पंडित रविशंकरांची सतार झाली. तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते, आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. आठ वाटांच्या फितींवर हा सर्व महोत्सव टिपण्याचा प्रयत्न झाला.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९७० सालीं, त्याचा तीन तबकड्यांचा अल्बम निघाला. तीन दिवसांचा महोत्सव तीन तबकड्यांत कसा मावणार? अर्थात् बहुतेक भाग गाळावा लागला. गाळणें हा दोष नव्हे. परंतु त्या अल्बमांतील एका गाण्याचें मुद्रण वुडस्टॉकला झालेलेंच नव्हतें. तें सुमारें महिन्याभरानें न्यूयॉर्क शहरांतील फिल्मोर ईस्ट नाट्यगृहांत मुद्रित झालेलें होतें. ऐकणाऱ्यास मात्र तें त्याच शेतावरचें वाटे. गाणें खोटें नव्हतें, गायक खोटे नव्हते. खोटी होती ती केवळ जागा आणि तारीख. एवढ्यानें काय बिघडलें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, जलशाची तबकडी ही नुसती करमणूक नसून एका दिवसाची साक्ष असते. आणि साक्षीदारानें जागा व दिवस चुकवून चालत नाहीं.

पन्नास वर्षांनीं, २०१९ सालीं, ह्याच महोत्सवाच्या जुन्या फिती पुन्हां शोधून ॲण्डी झॅक्स व ब्रायन केह्यू ह्यांनीं नवा संग्रह सिद्ध केला. त्यांत ३८ सीडी व ४३२ भाग असून तो सलग ऐकावयाचा तर सुमारें ३६ तास लागतात. अगदीं थोडा भाग वगळतां महोत्सवांत जें जसें झालें तें त्याच क्रमानें त्यांत मांडलें आहे. गाण्यांच्या मधल्या सूचना, चुकलेल्या सोबत्यांना मारलेल्या हांका, हेंहि ठेविलें आहे. पहिल्या अल्बमांत निवडक गाणीं मिळालीं. दुसऱ्यांत ते दिवस मिळाले.

आतां जुन्या फिती हातीं आल्यावर काय काय करावें लागतें तें पाहूं. पहिलें काम शुश्रूषेचें. दमट हवेंत फितीवर बुरशी येते. १९७० ते १९९० ह्या काळांतील कांहीं कंपन्यांच्या फितींचा लेप ओल शोषून चिकट होतो, आणि ती यंत्रावर चढवितांच लेप खरडून निघूं लागतो. अशी फीत तज्ज्ञ लोक सुमारें ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या मंद, नियंत्रित उष्णतेंत कित्येक तास ठेवितात. तेवढ्यानें ती कांहीं काळ वाजण्याजोगी होते, आणि त्या अवधींत तिची प्रत करून घेतात. हा प्रयोग घरीं कोणीं करूं नये. चूल ही फितीची वैद्य नव्हे.

दुसरें काम यंत्र जुळविण्याचें. फितीवरील चुंबकत्व वाचणारें जें हेड असतें, तें केसभर तिरकें झालें तरी तारांचा झणत्कार व ‘स’, ‘श’ ह्या वर्णांची धार बोथट होते. शिवाय फीत वर्षानुवर्षें गुंडाळून ठेविली म्हणजे एका वेढ्याचें चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित् उमटतें. मग गायकानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याच्या स्वराची पुसट चाहूल ऐकूं येते. यंत्र नीट जुळलें कीं संगणकावर पहिली प्रत घेतात. आवाजाचे सेकंदास ९६,००० नमुने घेण्याची रीति ह्या कामीं पुष्कळ ठिकाणीं आहे. ही पहिली प्रत जशी आहे तशीच जपून ठेवावयाची असते. पुढील सर्व दुरुस्त्या तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावयाच्या.

तिसरें काम गतीचें, आणि तें फार नाजूक. फीत शेंकडा सहा इतकी जलद फिरली तर सारें गाणें अर्ध्या स्वरानें चढतें. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो आणि त्याचा आवाजहि पोरकट होतो. खरी पट्टी कोणती हें कसें ओळखावें? साथीला पेटी असेल तर तिच्यावरून अंदाज बांधतां येतो. याहून गमतीचा पुरावा म्हणजे विजेची घरघर. आपल्या देशांत विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करितो, आणि त्याची बारीक घरघर पुष्कळ जुन्या फितींत शिरलेली असते. तीच घरघर ५३ आवर्तनांची भरली तर फीत जलद वाजत आहे हें निश्चित समजावें. जी घरघर एरवीं उपद्रव म्हणून काढून टाकावयाची, तीच येथें साक्ष देते. म्हणून आधीं साक्ष घ्यावी आणि मग ती काढावी.

चौथें काम निवडीचें व सांधण्याचें. रॉकच्या जलशांत गाणीं सुटीं असतात; एक गाणें गाळलें तर दुसऱ्यास इजा होत नाहीं. आपल्या रागसंगीताचें तसें नाहीं. विलंबित ख्यालाची बढत पायरीपायरीनें होते. मधली पायरी काढली तर वरची अधांतरीं लोंबते. जुन्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूस वीस-पंचवीस मिनिटांचेंच गाणें मावे, त्यामुळें तासाभराचा राग आंखडून घ्यावा लागे. पुढें ६० व ९० मिनिटांच्या कॅसेटी आल्या, नंतर सुमारें ८० मिनिटांची सीडी आली, तेव्हां कोठें सबंध मैफल सबंधपणें घरीं येऊं लागली.

आतां संगणकाच्या साह्यानें कणसूर लागलेला स्वरहि सुरांत बसवितां येतो, आणि दुसऱ्या ठिकाणच्या टाळ्या येथें जोडतां येतात. येथेंच विवेकाची कसोटी लागते. आमचें मत असें आहे कीं, धूळ पुसावी, परंतु चेहरा रंगवूं नये. फितीनें आणलेला दोष काढावा; गायकाचा त्या रात्रींचा स्वर त्याचा त्यालाच ठेवावा. एखादी जागा दुसऱ्या फितीवरून भरावी लागली तर तसें वेष्टनावर स्पष्ट छापावें.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या कामाचें मोल फार मोठें आहे. पुण्यांत १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरत आला आहे. मुंबईस नरिमन पॉइंट येथील, १९६९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत, म्हणजे एन. सी. पी. ए. मध्यें, मैफलींच्या फितींचा मोठा संग्रह आहे. त्या केंद्राच्या कार्यांत पु. ल. देशपांडे व अशोक रानडे ह्यांनीं मनापासून लक्ष घातलें होतें. तेथील निवडक मैफली पुढें रसिकांसाठीं प्रसिद्धहि झाल्या. कुमार गंधर्व व मल्लिकार्जुन मन्सूर हे दोघेहि १९९२ सालीं निवर्तले. त्यानंतर जन्मलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस त्यांची मैफल ऐकावयाची तर फितीवांचून दुसरा मार्ग नाहीं.

मोठ्या संस्थांचे सांठे सुरक्षित आहेत. आम्हांस चिंता वाटते ती आपल्या घरच्या सांठ्यांची. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनीं वसविलेल्या उल्हासनगरांत गाणें, नाच व कथा एकत्र गुंफणारी रात्रभराची ‘भगत’ आली. अंबरनाथ-बदलापुरांत भजनीमंडळें, गणेशोत्सवांतील कार्यक्रम व शाळांचीं स्नेहसंमेलनें होत आलीं. ह्यांपैकीं जें कोणीं हौसेनें कॅसेटवर टिपलें असेल, त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेंहि नसते. अंबरनाथच्या शिवमंदिरावरील शके ९८२ चा लेख दगडांत कोरलेला असल्यामुळें साडेनऊशें वर्षांनंतरहि वाचतां येतो; कॅसेटला तेवढें आयुष्य नाहीं. त्यांतून आपला प्रदेश पावसाचा. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीचें पाणी घराघरांत शिरलें, आणि २०१९ च्या जुलैंतहि बदलापुराभोंवतीं तीच अवस्था झाली. अशा पुरांत कपाटाच्या खालच्या कप्प्यांतील वस्तु आधीं जाते.

म्हणून आमची विनंति अशी. पालकांनीं सुट्टींत जुन्या कॅसेटी खालच्या कप्प्यांतून वर काढाव्या, आणि कोरड्या जागीं, ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर, उभ्या ठेवाव्या. विद्यार्थ्यांनीं आजोबा-आजींजवळ बसून प्रत्येकीवर कोण गात आहे, साथीला कोण, जागा कोणती, सालं कोणतें, हें विचारून स्वच्छ अक्षरांत लिहावें; नक्की ठाऊक नसेल तेथें जागा कोरी सोडावी, कल्पनेनें भरूं नये. फीत वाजत असेल तर जाणत्याकडून तिच्या दोन प्रती करून दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या, आणि मूळ फीत टाकून देऊं नये. फीत सुधारणारे तज्ज्ञ पुढेंहि मिळतील; परंतु त्या रात्रीं पेटीवर कोण बसलें होतें हें सांगणारें माणूस आज घरांत आहे, तोंवरच तें विचारून घेतलें पाहिजे.