नाक किती उचलावे? : जेट विमानाच्या पारखीची गोष्ट

चाचणी-वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जिवावर उदार झालेला एखादा साहसी तरुण उभा राहतो. प्रत्यक्षात हा माणूस कारखान्याचा नोकर असतो. तयार झालेला माल गिऱ्हाइकाच्या हाती जाण्यापूर्वी जो कामगार तो पारखून घेतो, त्याचेच काम हा करतो. फरक इतकाच, की माल सदोष निघाला तर तो बाजूला सारण्याची सोय याला नसते; कारण तो स्वतः त्या मालात बसलेला असतो. इंग्लंडातील डी हॅविलंड कारखान्याचे मुख्य चाचणी-वैमानिक खुद्द मालकाचे चिरंजीव होते. १९४६ च्या सप्टेंबरात एका नव्या जेट विमानाची चाचणी घेताना ते विमान हवेतच मोडले आणि ते गेले. त्यांच्या जागी जॉन कनिंगहॅम आले.

कनिंगहॅम हे महायुद्धात रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने पाडून नावाजलेले वैमानिक. २७ जुलै १९४९ रोजी, म्हणजे आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी हॅटफील्डच्या धावपट्टीवरून ‘कॉमेट’ उचलले. जगातले हे पहिले जेट प्रवासी विमान. पहिले उड्डाण ३१ मिनिटांचे झाले. पुढे २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग अशी प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून कोलंबोला जाणारे कॉमेट आपल्या मुंबईलाही उतरू लागले. पंख्याच्या विमानाची घरघर नाही, हादरे नाहीत, आणि तासाला पावणेपाचशे मैलांच्या वर वेग. लोक हरखून गेले यात नवल नाही.

पण यंत्र चालवणाऱ्याच्या बाजूने पाहा. जुन्या विमानात पंखावरच्या हवेचा दाब तारांवाटे वैमानिकाच्या हातातील दांडीपर्यंत पोचत असे. साच्यावरच्या विणकराला सूत ताणले गेल्याचे बोटांना कळते, तसे ते कळे. कॉमेटमध्ये ही सारी हालचाल तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेने होई. हाताला येणारी ती खूण जवळजवळ नाहीशी झाली. दुसरे असे, की पंख्याच्या विमानात पंख्याने मागे फेकलेली हवा पंखावरून जाते आणि विमान उचलायला थोडा हात देते. जेटमध्ये ही मदत नाही. धावताना नाक प्रमाणाबाहेर वर केले, तर हवा पंखाला चिकटून न वाहता वरून सुटते. मग पंखाची उचलण्याची ताकद जाते, विरोध वाढतो, इंजिनाच्या तोंडाशी हवाही नीट पोचत नाही. विमान नाक वर करून धावतच राहते, उडत नाही, आणि धावपट्टी मात्र संपते.

२६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोमच्या चियाम्पिनो विमानतळावर हेच घडले. रात्र, पाऊस, समोर क्षितिज दिसत नाही. कॅप्टन हॅरी फूट यांना विमान थरथरताना जाणवले. त्यांनी उड्डाण सोडून दिले. विमान धावपट्टीबाहेर जाऊन मोडले, पण सर्व माणसे वाचली. चौकशी झाली आणि ठपका फूट यांच्यावर आला : वैमानिकाची चूक. त्यांना कॉमेटवरून काढून मालवाहू विमानांवर पाठवण्यात आले. चार-सव्वाचार महिन्यांनी, ३ मार्च १९५३ रोजी कराचीला पहाटेच्या अंधारात दुसरे कॉमेट असेच धावपट्टीवर राहिले. त्यातली अकराही माणसे मेली. तिथेही वैमानिकाचीच चूक.

मी आयुष्याचा बराच भाग कामगारांच्या बाजूने खात्यांतल्या चौकश्यांत बसून काढला आहे, तेव्हा या शब्दांशी माझी जुनी ओळख आहे. एका कारखान्यात एकाच प्रेसवर एका वर्षात तिघांची बोटे गेली. तिन्ही अहवालांत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. तिसऱ्यानंतर आम्ही भांडून दोन हातांनी दाबायची बटणे बसवून घेतली, आणि तो निष्काळजीपणा एकाएकी थांबला. कॉमेटचेही तसेच झाले. कराचीनंतर कंपनीने पंखाची पुढची कड खाली वाकवून नवी केली. पंखात दोष नव्हता तर पंख कशाला बदलला, हा प्रश्न कोणीही विचारील.

मग कनिंगहॅम यांना हे दिसले कसे नाही? माझ्या मते कौशल्यच इथे आड येते. नाक किती उचलायचे हे ज्याच्या अंगात मुरलेले, त्याच्या हातून ते जास्त उचललेच जात नाही. त्याने यंत्र पारखले ते आपल्या हाताने. ते चालवायचे होते रात्रीच्या पावसात, भरल्या वजनाने, नव्याने शिकलेल्या माणसाने.

१९५४ साली एल्बा आणि नेपल्स यांच्याजवळ समुद्रात पडलेल्या दोन कॉमेटांची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. तिथेही पारख अशीच फसली होती. कारखान्यात विमानाच्या धडाचा जो भाग हवेच्या दाबाखाली पुन्हापुन्हा फुगवून पाहिला, तो सुमारे १८,००० वेळा टिकला. पण त्याच भागावर आधी दुपटीपर्यंत दाब दिलेला होता. त्याने कोपऱ्यांतला धातू किंचित ताणला जाऊन उलट जास्त टिकाऊ झाला. प्रवाशांच्या विमानांना तो संस्कार नव्हता. फार्नबरोला एक वापरातले कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून तपासले, तेव्हा झालेली उड्डाणे धरून ३,०५७ व्या खेपेला ते फाटले. एल्बाचे विमान तर १,२९० उड्डाणांतच गेले होते.

कनिंगहॅम काम सोडून गेले नाहीत. १९५५ च्या डिसेंबरात त्यांनी सुधारलेले कॉमेट पृथ्वीभोवती फिरवून आणले, आणि १९५८ च्या ऑक्टोबरात कॉमेटची चौथी आवृत्ती अटलांटिकपार प्रवासी नेऊ लागली.

आज नवे प्रवासी विमान आले की चाचणी-वैमानिकाला एक काम मुद्दाम करावे लागते. शेपटीखाली संरक्षक पट्टी बसवतात, आणि तो धावपट्टीवर नाक इतके वर उचलतो, की शेपूट जमिनीला घासत, ठिणग्या उडवत जाते. त्या अवस्थेतही विमान कोणत्या वेगाला जमीन सोडते, ते मोजले जाते आणि लिहून ठेवले जाते.