खुर्चीच्या डाव्या बाजूला

नाशिकला दंतवैद्यकाचे शिक्षण नवे नाही. पंचवटीत हिरे दंत महाविद्यालय आहे, आणि बीडीएसच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले तेही इथेच. डॉक्टर असे रीतसर घडतात. त्यांच्या शेजारी सक्शन धरून बसणारी ताई मात्र बहुतेकदा जुन्या ताईचे बघून बघून शिकते. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक यांच्या नोंदवह्या ठेवल्या. सहायिकेसाठी वेगळी वही नव्हती. सीडीईचे, म्हणजे निरंतर दंतशिक्षणाचे, गुण डॉक्टरांनी जमवायचे, हिला कोण विचारतो?

म्हणून गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात सहायिकांसाठी प्रात्यक्षिक वर्ग होणार असल्याचे कळल्यावर संपादकांनी मला तिकडे पिटाळले. शिकवणारी स्वतः सहायिकाच, या कामात मुरलेली. अल्जिनेट, रबरी वाट्या, सिमेंटचे पॅड असे सामान एका टेबलावर मांडून झाले होते. ताई मात्र अडकल्या होत्या ऑटोक्लेव्हपाशी, आणि त्यांच्यामुळे मीही.

ऑटोक्लेव्ह म्हणजे शिकलेला कुकरच. १२१ अंशांवर १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटे. किंवा १३४ अंशांवर साधारण ३ मिनिटे. नुसत्या उकळत्या पाण्याला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणू या वाफेत मरतात. पण वाफ हत्याराला भिडली तर! आत हवा अडकली, पाकिटे दाटीवाटीने कोंबली, चिमट्याचा जबडा मिटलेला राहिला, की तेवढी जागा कोरडी सुटते. टाकीत नळाचे पाणी ओतले तर क्षार धरतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच हवे.

ताई मुद्दाम चुकीचा घाणा भरत होत्या. पाकिटांवर पाकिटे, एका फोर्सेप्सवर सुकलेला रंग तसाच ठेवलेला. "बरोबर काय ते सांगून पोरींना कळत नाही हो, बिघडलेलं हातात द्यावं लागतं." दार उघडले तेव्हा काही पाकिटे ओलीचिंब होती. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, म्हणजे सगळी मेहनत वाया. पाकिटावरची खूण मात्र झकास बदललेली! ताईंना नेमके हेच दाखवायचे होते. ती खूण पाकीट उष्णतेतून गेले एवढेच सांगते. जंतू मेले की नाही ते बीजाणूंच्या चाचणीनेच कळते. रुग्णाच्या तोंडात हात डॉक्टरांचा जातो, पण तो किती निर्धास्त जावा हे मागच्या खोलीत ठरते. मला तरी इथे खरा अधिकार ताईंचाच वाटला.

अडचणी विचारल्या आणि ताईंची गाडी थांबेना. वर्ग रविवारी, म्हणजे हक्काची सुट्टी गेली. पुष्कळ डॉक्टर पाठवायलाच राजी नसतात; शिकली की पगार वाढवून मागेल, नाहीतर दुसरीकडे जाईल. यंत्राची पुस्तिका इंग्रजीत. वापरलेली हत्यारे घासायला पातळ तपासणीचे हातमोजे, जाड रबरी नाहीत. सुई टोचलीच तर घरी सांगायची सोय नाही. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, शेवटचा सहा महिन्यांनी. तोवर नोकरी बदललेली असते आणि तो डोस राहून जातो.

यातले बरेचसे कुणाच्या मर्जीवर सोडलेलेच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम दवाखान्याच्या मालकाला स्पष्ट सांगतात: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना प्रशिक्षण द्या, पुढे दरवर्षी द्या, आणि हेपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस टोचा. छोट्या दवाखान्याला यातून सूट नाही.

तेव्हा डॉक्टरमंडळी, वर्गाला पाठवाल त्या रविवारची हजेरी भरा, आणि तिच्या लसीचा तिसरा डोस कधी आहे तेवढे आजच विचारून ठेवा.