तुमचा टॅक्सवाला २० तारखेला फोन का उचलत नाही?



जीएसटीच्या व्हिडिओखाली एक तक्रार सारखी येते. "सर, आमचा टॅक्सवाला महिनाभर गोड बोलतो आणि नेमका २० तारखेला फोन उचलत नाही." म्हणून या वेळी मी उलटं केलं. २० तारखेला संध्याकाळी मीच एका ओळखीच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथे जे पाहिलं, ते नवीन धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं, असं वाटलं.

संध्याकाळी सातची गोष्ट

छोटं ऑफिस, तीन कॉम्प्युटर, आणि तिन्हींवर पोर्टलचं चक्र गोल गोल फिरतंय. थ्रीबी रिटर्नचा शेवटचा दिवस. एका पार्टीचे पैसे बँकेतून गेलेत, पण पोर्टलच्या कॅश लेजरमध्ये दिसत नाहीत. दुसऱ्या पार्टीचा ओटीपी हवाय, पण ते गावी लग्नात, फोन बंद. तिसऱ्याने खरेदीची बिलं आत्ता, सात वाजता, व्हॉट्सअॅपवर टाकलीत. तीही तिरके फोटो काढून.

सल्लागार मला म्हणाले, "सर, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी. व्यवहार काहीच नसेल तरी २० रुपये. वर कर बाकी असेल तर १८ टक्के व्याज. पोर्टल अडकलं म्हणून ते कोणी माफ करत नाही. पार्टी मात्र मलाच विचारते, तुम्ही काय केलंत?"

आता कोणी म्हणेल, शेवटच्या दिवशी कशाला करता? बरोबर आहे. पण बिलंच १८ तारखेला आली, तर तो काय करणार?

त्यांचा राग कशावर आहे?

पहिला राग तारखांवर. जानेवारी २०२५ मध्ये जीएसटीआर-१ ची तारीख ११ होती. आदल्याच दिवशी पोर्टल बंद पडलं, आणि मग मुदत १३ तारखेपर्यंत वाढली. इन्कम टॅक्सचंही तेच. जून २०२१ मध्ये नवं पोर्टल आलं आणि पुढचे कित्येक महिने अडचणी सुरू राहिल्या. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, आणि शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस मिळाला. मुदत वाढते हे चांगलंच. पण ती वाढणार की नाही हे आधी कळत नाही, त्यामुळे ऑफिसातली मुलं रात्री जागतात ती जागतातच.

दुसरा राग आपोआप निघणाऱ्या नोटिसांवर. जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेला कर आणि थ्रीबीत भरलेला कर यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, की सिस्टिम स्वतःच सूचना काढते. उत्तराला फक्त ७ दिवस. उत्तर दिलं नाही, तर पुढचं जीएसटीआर-१ भरताच येत नाही. ते भरलं नाही, की तुमच्या ग्राहकाला त्याचं क्रेडिट दिसत नाही. मग मोठा ग्राहक तुमचं पेमेंट रोखून धरतो. बघा, एक ई-मेल वाचला नाही आणि फटका थेट गल्ल्याला!

तिसरा राग नोंदणीच्या वेळच्या प्रश्नांवर. तुम्ही घरातून धंदा सुरू करताय. लाइट बिल दिलं, भाडेकरार दिला. तरी अधिकारी विचारतो, घरमालकाचं पॅन कार्ड आणा, किंवा तुम्ही राहता एका गावात आणि धंदा दुसरीकडे का? यावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ ला अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली आहे: यादीबाहेरची कागदपत्रं मागू नका, असले अंदाजावरचे प्रश्न विचारू नका. तुम्हाला असा प्रश्न आला, तर सल्लागाराला ही सूचना उत्तरात दाखवायला सांगा. मात्र उत्तर ७ कामाच्या दिवसांत गेलंच पाहिजे.

एका पत्रावरून ६१ हजार

आता खरी गोष्ट. आमच्या बॅचमधले एक दादा, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पगार करायला बसले, तर बँकेचं खातं गोठवलेलं. बँकेत गेले, तर कळलं, जीएसटीची वसुली आहे.

झालं असं होतं. २०१८-१९ साली त्यांनी एका पुरवठादाराकडून लोखंड घेतलं, पूर्ण पैसे दिले, ६१ हजारांचं क्रेडिट घेतलं. पुरवठादाराने ते बिल स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलंच नाही. विभागाने नोटीस काढली, पोर्टलवर टाकली. नोंदणीत ई-मेल आणि मोबाइल होता जुन्या सल्लागाराचा. त्यांचं काम यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद केलेलं. नवा सल्लागार रिटर्न भरत होता, पण नोटीस पोर्टलवर 'अॅडिशनल नोटिसेस'च्या वेगळ्या टॅबमध्ये होती. तिथे कोणी बघितलंच नाही. एप्रिलअखेर ऑर्डर निघाली. कर, व्याज, दंड मिळून सव्वा लाखाच्या वर.

अपील करायला ३ महिने असतात, सबळ कारण असेल तर आणखी १ महिना. यांना कळलं तेव्हा चारही संपलेले.

वाईट कशाचं वाटतं सांगू? त्या वर्षासाठी नियम होता, की फरक एका पुरवठादाराचा ५ लाखांपर्यंत असेल, तर त्या पुरवठादाराचं 'या बिलाचा कर मी भरला आहे' असं प्रमाणपत्र चालतं. पुरवठादार ओळखीचा, कर भरलेला. नोटीस वेळेत दिसली असती तर एका पत्रावर काम झालं असतं.

पुढे सरकारने जुन्या वर्षांसाठी व्याज-दंड माफीची योजना आणली. ३१ मार्च २०२५ च्या आत मूळ कर भरला, की बाकीचं माफ. दादांनी ६१ हजार भरले आणि सुटले. पण ते ६१ हजार त्यांनी दोनदा भरले, एकदा पुरवठादाराला, एकदा सरकारला.

चूक कोणाची? नोटीस अशा कोपऱ्यात टाकणाऱ्या व्यवस्थेची आहेच. अशाच टॅबमुळे मद्रास उच्च न्यायालयाने काही ऑर्डर रद्दही केल्या. पण कोर्टात जायचा खर्च ६१ हजारांसाठी कोण करणार?

तुम्ही आजच काय कराल?

१. पोर्टलवरच्या नोंदणीत मोबाइल आणि ई-मेल तुमचा स्वतःचा आहे का, ते बघा. सल्लागाराचा असेल तर बदलून घ्या. पासवर्ड तुमच्याकडेही हवा.

२. दर सोमवारी पाच मिनिटं लॉगिन करा. नोटिसांचे दोन्ही टॅब उघडा. काही दिसलं की लगेच फोटो सल्लागाराला पाठवा.

३. बिलं दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्या. २० तारखेला मागून देऊ नका.

४. पुरवठादाराचं बिल तुमच्या टू-बी मध्ये आलं का, ते पेमेंट करण्याआधी तपासा. आलं नसेल, तर निदान कराएवढी रक्कम थांबवा.

५. नोटिसांचं उत्तर देण्याची फी वेगळी आहे का, हे आधीच बोलून घ्या. महिन्याच्या फीमध्ये सगळं धरलंय असं समजू नका.

त्या रात्री साडेनऊला शेवटचं रिटर्न गेलं. सल्लागारांनी चहा मागवला आणि म्हणाले, "सर, विभागाशी भांडायची आमची तयारी आहे हो. फक्त पार्टीने आम्हाला वेळेत हत्यार द्यावं." हत्यार म्हणजे काय? तुमची बिलं आणि तुमचा ओटीपी!

दोन्ही टॅब नेमके कुठे आहेत, ते व्हिडिओमध्ये दाखवलंय. आधी स्वतःचं लॉगिन उघडा, मग व्हिडिओ लावा. आणि तुम्हाला तिथे जुनी नोटीस सापडली, तर घाबरू नका, पण उद्यावरही ढकलू नका. भेटूया पुढच्या भागात!