व्हिक्टोरिया गेली, घोडा राहिला

मुंबईच्या उच्च न्यायालयाने २०१५ साली व्हिक्टोरिया बेकायदेशीर ठरवल्या, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. गाडी गेल्यावर घोडा कुठे जातो, हा प्रश्न मला सुचला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो चार पायांवर आमच्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला!

फासळ्या मोजून घ्याव्यात, एक पाय लंगडा. पोलिसांत वर्दी दिली. मालक फिरकला नाही. परळच्या जनावरांच्या इस्पितळात डॉक्टरांनी दात पाहून वय अठराच्या आसपास सांगितले. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, म्हणजे पाहुणा दहा वर्षांचा!

फुकटचा घोडा म्हटल्यावर गिऱ्हाइके पुष्कळ. एकाला वरातीसाठी हवा, दुसऱ्याला चौपाटीवर पोरे फिरवायला. ‘खाऊनपिऊन सुखी राहील हो, सर!’ एका सज्जनांचा बंगला होता, मनही मोठे. पण घोडा कळपातला प्राणी, एकटा झुरतो. त्याला दिवसभर थोडेथोडे गवत लागते. एकदम दाणा चापला की पोटशूळ, आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे ते दुखणे जिवावर बेतते. दीड-दोन महिन्यांनी खूर कापायचे ते वेगळेच. (तोवर मला ‘अश्वा’चे समानार्थी शब्द तेवढे येत होते.)

अखेर कर्जतकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याने जागा दिली. त्याच्याकडे एक म्हातारी घोडी होती. तरी कागदावर लिहून घेतले: जुंपायचा नाही, विकायचा नाही, जड झाला तर मला कळवायचे.

ट्रकमधून उतरल्यावर तो गाडी जोडण्याची वाट पाहत तसाच उभा राहिला. पलीकडून घोडी खिंकाळली, तेव्हा कुठे हलला.