मूलद्रव्याची ओळख ठरवणारा अंक

आवर्तसारणीच्या प्रत्येक चौकटीत मूलद्रव्याच्या संज्ञेसोबत सहसा दोन संख्या छापलेल्या असतात. त्यांपैकी पूर्णांकात असलेल्या संख्येला अणुअंक म्हणतात, तर बहुधा दशांश चिन्हासह येणारी दुसरी संख्या अणुवस्तुमान दाखवते. रसायनशास्त्राचा अभ्यास नुकताच सुरू केलेल्या विद्यार्थ्याला पहिली संख्या हजेरीपटावरच्या क्रमांकासारखी, म्हणजे केवळ सोयीसाठी दिलेली वाटते, आणि दुसरी मोजमापातून आलेली असल्यामुळे अधिक भारदस्त वाटते. हा समज चुकीचा असला तरी त्यात विद्यार्थ्याचा फारसा दोष नाही, कारण एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञही तसेच मानत होते, आणि त्या पूर्णांकामागे अणूच्या आत खरोखर असलेली, मोजता येणारी एक गोष्ट आहे, हे प्रयोगाने दिसायला 1913 साल उजाडावे लागले.

ज्या पदार्थाचे रासायनिक क्रियेने आणखी साध्या पदार्थांत विघटन करता येत नाही तो मूलद्रव्य, अशी व्याख्या अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए यांनी वापरली आणि 1789 मध्ये 33 मूलद्रव्यांची यादी दिली. प्रकाश आणि उष्णता यांनाही त्या यादीत स्थान होते, यावरून व्याख्या पक्की असूनही ओळखीची कसोटी किती कच्ची होती ते कळते. इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अणुसिद्धांत मांडला आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वस्तुमान ठरावीक व इतरांपेक्षा वेगळे असते, असे प्रतिपादन केले. अणू डोळ्यांनी दिसत नसला तरी दोन मूलद्रव्ये कोणत्या प्रमाणात संयोग पावतात हे तराजूने मोजता येत असे, आणि त्यावरून त्यांच्या अणूंची सापेक्ष वस्तुमाने काढता येत. अशा रीतीने वजन हीच मूलद्रव्याची ओळख ठरली आणि पुढची शंभर वर्षे रसायनशास्त्र याच पायावर उभे राहिले.

दिमित्री मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये त्या वेळी ज्ञात असलेली 63 मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा ठरावीक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा येतात असे त्यांना आढळले. ज्या जागी योग्य गुणधर्मांचे मूलद्रव्य सापडले नाही ती जागा त्यांनी रिकामी सोडली आणि तिथे येऊ घातलेल्या मूलद्रव्याचे वर्णनही करून ठेवले. सिलिकॉनखालच्या रिकाम्या जागेसाठी त्यांनी सुमारे 72 अणुवस्तुमानाचे भाकीत केले होते. 1886 मध्ये जर्मनीतील क्लेमेन्स विंक्लर यांना सापडलेल्या जर्मेनिअमचे अणुवस्तुमान 72.6 च्या आसपास भरले. ही कथा पाठ्यपुस्तकांतून पुरेशी सांगितली जाते. त्या मानाने त्याच सारणीत राहून गेलेल्या एका अडचणीकडे पाठ्यपुस्तके एखाद्या ओळीत उरकून पुढे जातात, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने खरे महत्त्व त्या अडचणीला आहे.

टेल्युरिअमचे अणुवस्तुमान 127.6 आणि आयोडीनचे 126.9 आहे. वजनाच्या क्रमाने आयोडीन आधी यायला हवे; परंतु तसे केले तर आयोडीन ऑक्सिजन व गंधक यांच्या गणात जाऊन बसते आणि टेल्युरिअम क्लोरीन व ब्रोमीन यांच्या शेजारी येते, जे त्यांच्या रासायनिक वर्तनाशी मुळीच जुळत नाही. मेंडेलीव्ह यांनी वर्तनाला प्राधान्य देऊन टेल्युरिअम आधी ठेवले आणि त्याचे वजन मोजण्यात कुणाची तरी चूक झाली असावी, असे ठरवून टाकले. पुढे अनेकांनी ते वजन पुन्हा पुन्हा मोजून पाहिले, तरी ते आयोडीनच्या खाली उतरेना. 1894 मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी हवेतून अरगॉन हा राजवायू, म्हणजे सहसा कुणाशीही संयोग न पावणारा वायू, वेगळा काढला, तेव्हा तोही पोटॅशिअमपेक्षा जड निघाला. कोबाल्ट आणि निकेल यांच्याबाबतीतही तोच पेच होता. म्हणजे मेंडेलीव्ह यांची मांडणी बरोबर होती, पण ती कशाच्या आधारे बरोबर आहे याचे त्यांनी दिलेले कारण अपुरे होते. विज्ञानात असे अनेकदा घडते, आणि ते मान्य केल्याने मेंडेलीव्ह यांचे मोठेपण कमी होत नाही.

उत्तर अणूच्या अंतरंगात होते. अणू अविभाज्य आहे ही डाल्टन यांची कल्पना 1897 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी ऋणप्रभारित इलेक्ट्रॉनचा शोध लावल्यावर टिकणे शक्य नव्हते. 1909 मध्ये मँचेस्टर येथे रदरफर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या अतिशय पातळ पत्र्यांवर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांतून वेगाने बाहेर पडणारे धनप्रभारित कण, सोडून पाहिले. बहुतेक कण जवळपास सरळ आरपार गेले, परंतु सुमारे आठ हजारांत एखादा कण आल्या दिशेला परत फिरला. 1911 मध्ये रदरफर्ड यांनी याचा अर्थ लावला, तो असा की अणूचा सर्व धनप्रभार आणि जवळजवळ सर्व वस्तुमान अणूच्या मध्यभागी अत्यंत लहान जागेत एकवटलेले असते. या भागाला केंद्रक म्हणतात. एक कोटी अणू एका रांगेत ठेवले तर ती रांग साधारण एक ते काही मिलिमीटर लांबीची होईल, इतका अणू लहान. आणि केंद्रकाचा व्यास त्याच्याही दहा हजारांशाहून कमी. उरलेल्या विस्तारात इलेक्ट्रॉन असतात आणि केंद्रकावरील धनप्रभाराइतकाच त्यांचा एकूण ऋणप्रभार असल्यामुळे संपूर्ण अणू प्रभाररहित असतो.

मग केंद्रकावर नेमका किती प्रभार असतो, हा प्रश्न पुढे आला. तो वस्तुमानाच्या जवळपास निम्मा असावा, एवढेच प्रयोगांवरून सांगता येत होते. पेशाने भौतिकशास्त्रज्ञ नसलेले नेदरलँड्समधील अँटोनियस व्हान डेन ब्रूक यांनी सुचवले की, सारणीतील मूलद्रव्याचे स्थान दाखवणारी संख्या हाच त्याच्या केंद्रकावरील प्रभार असावा. कल्पना सुरेख होती, पण तिला मोजमापाचा आधार नव्हता.

तो आधार हेन्री मोझले या तरुण इंग्रज संशोधकाने दिला. 1887 मध्ये जन्मलेले मोझले मँचेस्टरमध्ये रदरफर्ड यांच्याकडे काम करीत होते. एखाद्या धातूवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळले की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात, आणि त्यांतील काही किरणांची तरंगलांबी त्या धातूची खास स्वतःची असते, हे बार्कला यांच्या कामामुळे माहीत झाले होते. मोझले यांनी हवा काढून टाकलेल्या लांब काचनळीत रुळांवर एक छोटी गाडी बसवली, तिच्यावर निरनिराळ्या धातूंचे तुकडे ठेवले आणि रेशमी दोरीने ती ओढून एकामागून एक तुकडा इलेक्ट्रॉनांच्या झोतासमोर आणण्याची सोय केली. निघालेले क्ष-किरण स्फटिकावरून परावर्तित होऊन छायाचित्रपट्टीवर रेषा उमटवीत, आणि रेषेच्या जागेवरून तरंगलांबी काढता येई. कॅल्शिअमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांच्या पट्ट्या त्यांनी एकाखाली एक लावल्या, तेव्हा प्रत्येक पायरीला रेषा ठरावीक रीतीने सरकत जाते आणि कॅल्शिअम व टायटॅनिअम यांच्यामध्ये एका पायरीची जागा मोकळी राहते, असे दिसले. त्यांनी तपासणीला न घेतलेल्या स्कँडिअमची ती जागा होती. जस्तासाठी त्यांनी पितळेचा तुकडा वापरला होता आणि पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असल्यामुळे दोन्ही धातूंच्या रेषा पट्टीवर अलग अलग उमटल्या. म्हणजे ही पद्धत मिश्रणातले घटकही ओळखून देत होती.

या रेषांमागचे गणित नवशिक्या विद्यार्थ्यालाही पडताळून पाहता येते. क्ष-किरणाची वारंवारता अणुअंकातून एक वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कॅल्शिअमचा अणुअंक 20 आणि जस्ताचा 30. एक वजा केल्यावर 19 आणि 29. त्यांच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे 2.33 येते. प्रत्यक्षात कॅल्शिअमच्या रेषेची तरंगलांबी सुमारे 0.336 नॅनोमीटर आणि जस्ताची सुमारे 0.144 नॅनोमीटर असते, आणि तरंगलांबी जितक्या पटीने कमी तितक्या पटीने वारंवारता जास्त असल्यामुळे हे गुणोत्तरही 2.33 च्या अगदी जवळ येते. अणुवस्तुमान घेऊन असा हिशेब करू गेले तर तो जुळत नाही. कोबाल्टला 27 आणि निकेलला 28 हे क्रमांक क्ष-किरणांनीच दिले, आणि वजनाने काहीही सांगितले तरी मेंडेलीव्ह यांचा क्रम बरोबर ठरला.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. रासायनिक गुणधर्म काही मूलद्रव्यांनंतर पुन्हा पुन्हा येत असतील, तर क्ष-किरणांच्या रेषा मात्र एकाच दिशेने का सरकत जातात? याचे कारण अणूतील इलेक्ट्रॉनांच्या रचनेत आहे. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कवचांत, म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या स्तरांत असतात. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात जास्तीत जास्त आठ, याप्रमाणे. रासायनिक संयोगात भाग घेतात ते मुख्यतः सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन, आणि त्यांच्या संख्येची आवर्तने होत असल्यामुळे लिथिअम, सोडिअम व पोटॅशिअम यांच्या बाह्य कवचात प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन असतो व त्यांचे वर्तन सारखे असते. क्ष-किरण मात्र सर्वांत आतल्या कवचातून निघतात. तेथील दोनपैकी एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला गेला की वरच्या कवचातील एक इलेक्ट्रॉन त्याच्या जागी उतरतो आणि जास्तीची ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. इतक्या खोलवर बाहेरच्या घडामोडींचा परिणाम जवळजवळ पोहोचत नाही आणि केंद्रकाचा प्रभारच सत्ता गाजवतो. आत शिल्लक राहिलेला एक इलेक्ट्रॉन त्या प्रभाराला एका एककाने झाकतो, म्हणून सूत्रात एक वजा करावा लागतो.

केंद्रकातील प्रत्येक एकक धनप्रभार वाहणाऱ्या कणाला 1920 मध्ये रदरफर्ड यांनी प्रोटॉन हे नाव दिले. अणुअंक म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या. ज्याच्या केंद्रकात 53 प्रोटॉन आहेत ते आयोडीन, मग त्याचे वजन काहीही असो. प्रोटॉनांची संख्या पूर्णांकच असणार, साडेत्रेपन्न प्रोटॉन असू शकत नाहीत. त्यामुळे या क्रमात कोणती जागा रिकामी आहे, हेही प्रथमच खात्रीने सांगता आले. अ‍ॅल्युमिनिअमपासून सोन्यापर्यंत पाहणी करून मोझले यांनी 1914 मध्ये 43, 61 आणि 75 हे क्रमांक रिकामे असल्याचे दाखवले. त्यांपैकी 75 वे रेनिअम 1925 मध्ये खनिजांत सापडले. 43 वे टेक्नेशिअम 1937 मध्ये पालेर्मो येथे पेरिए व सेग्रे यांनी ओळखले, तेही अमेरिकेतील सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे प्रभारित कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, कणांचा मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात, आणि 61 वे प्रोमेथिअम 1945 मध्ये अणुभट्टीतील पदार्थांत मिळाले. यांपैकी एकही यश मोझले यांना पाहता आले नाही. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात दाखल झाले आणि 10 ऑगस्ट 1915 रोजी गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. तेव्हा त्यांचे वय 27 होते.

अरगॉन पोटॅशिअमपेक्षा जड का, हा प्रश्न मात्र अजून उरतो. 1913 मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी समस्थानिकांची, म्हणजे सारणीत एकाच स्थानी बसणाऱ्या पण वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची कल्पना मांडली होती, आणि 1932 मध्ये जेम्स चॅडविक यांनी प्रभाररहित न्यूट्रॉन शोधल्यावर तिचा उलगडा झाला. समस्थानिकांत प्रोटॉन सारखे, न्यूट्रॉन कमीजास्त. सारणीत छापलेले अणुवस्तुमान ही पृथ्वीवर आढळणाऱ्या समस्थानिकांची त्यांच्या प्रमाणानुसार काढलेली सरासरी असते, क्लोरीनचे 35.45 हे अपूर्णांकी वस्तुमान 35 आणि 37 वस्तुमानांकांच्या, म्हणजे केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून तेवढे कण असलेल्या, अणूंच्या मिश्रणातून येते. पोटॅशिअमचे 93 टक्क्यांहून अधिक अणू 39 वस्तुमानांकाचे आहेत, तर हवेतील 99 टक्क्यांहून अधिक अरगॉन 40 वस्तुमानांकाचा आहे. हा अरगॉन बव्हंशी पोटॅशिअमपासूनच आलेला आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी. पोटॅशिअमचा अल्प प्रमाणात आढळणारा 40 वस्तुमानांकाचा समस्थानिक किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्म्या अणूंचे रूपांतर होण्यास लागणारा काळ, सुमारे 125 कोटी वर्षे आहे, आणि त्याच्या सुमारे एक दशांश अणूंचे रूपांतर अरगॉनमध्ये होते. सूर्यात मात्र 36 वस्तुमानांकाचा अरगॉन बहुसंख्य आहे, त्यामुळे तेथील सरासरी काढली तर अरगॉन पोटॅशिअमपेक्षा हलका भरेल. म्हणजे वजनाचा तो उलटा क्रम पृथ्वीच्या इतिहासातून आला आहे, आणि जे वजन स्थळानुसार बदलते त्यावरून मूलद्रव्याची ओळख ठरवणे मुळातच धोक्याचे होते. प्रोटॉनांची संख्या सूर्यात आणि पृथ्वीवर एकच असते.

रसायनशास्त्रज्ञांना त्रस्त करणाऱ्या याच जोडीचा उपयोग भूवैज्ञानिक खडकांचे वय काढण्यासाठी करतात, कारण खडक थिजल्यानंतर त्यात तयार झालेला अरगॉन स्फटिकांत अडकून राहतो. सह्याद्रीतील आणि दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकांचे सुमारे 6.6 कोटी वर्षे हे वय निश्चित करण्यात या पद्धतीच्या सुधारित रूपाचा वाटा आहे.

आज सारणीत 118 मूलद्रव्ये आहेत आणि त्यांचा क्रम केवळ प्रोटॉनांच्या संख्येवर आधारलेला आहे. नव्याने रसायनशास्त्र शिकणाऱ्याने सारणी पाठ करायला घेण्यापूर्वी 18 व 19, 27 व 28, 52 व 53 आणि 90 व 91 या चार जोड्यांची अणुवस्तुमाने स्वतः ताडून पाहावीत.