चाकांवरचं घर (भाग ९) : कव्हर घट्ट हवं, पण हाताने सुटणारं

गेल्या आठवड्यात आपण कप्लर आणि सेफ्टी चेन पाहिल्या. तिथून हातभर मागे, ‘ए-फ्रेम’ म्हणतात त्या लोखंडी त्रिकोणावर प्रोपेनच्या दोन टाक्या शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांच्यावर प्लास्टिकचं पांढरं किंवा काळं कव्हर असतं. ट्रेलर घेताना माणूस पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर सगळं उघडून बघतो. या कव्हरकडे मात्र क्वचितच कुणाचं लक्ष जातं. आणि एके दिवशी भर हायवेवर ते उडून जातं. आपलं नुकसान शे-दीडशे डॉलरचं. पण मागून येणाऱ्या गाडीच्या काचेवर ते आदळलं, किंवा मागे मोटरसायकल असली, तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून आजचा अख्खा भाग या कव्हरसाठी.

आधी आत काय आहे ते पाहू. अमेरिकेत ट्रेलरवर बहुतेक वेळा २० किंवा ३० पौंडी टाक्या असतात. हे वजन आतल्या गॅसचं. ३० पौंडी टाकीत साधारण साडेतेरा किलो प्रोपेन मावतो, म्हणजे आपल्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरच्या जवळपास. टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. फरक गॅसमध्ये आहे. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, तिकडे जवळजवळ शुद्ध प्रोपेन. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणं थांबवतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देत राहतो. कोलोरॅडोच्या थंडीत ट्रेलरचा हीटर चालतो तो याच गुणामुळे.

दोन टाक्यांच्या मध्ये रेग्युलेटर असतो. टाकीतला प्रचंड दाब उतरवून तो शेगडीला झेपेल इतका, म्हणजे पाण्याच्या ११ इंच उंचीएवढा, करून देतो. एक टाकी संपली की बहुतेक रेग्युलेटर आपोआप दुसरीवर जातात. या रेग्युलेटरला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं आणि त्याचं तोंड खाली ठेवलेलं असतं. त्या भोकात चिखल गेला, बर्फ साचला किंवा कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं, तर आतला पडदा नीट हलत नाही आणि दाब बिघडतो. कव्हरचं खरं काम इथे आहे. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे, पाणी आणि रस्त्यावरचं मीठ यांपासून ते रेग्युलेटर, रबरी नळ्या आणि व्हॉल्व्ह वाचवतं. त्यामुळे ‘कव्हर उडालं तर उडालं, टाक्या आहेत ना’ असं म्हणून पुढे जाऊ नये. ते हरवलंच, तर नवीन येईपर्यंत निदान रेग्युलेटरपुरतं मिळणारं छोटं झाकण बसवावं.

आता ते उडतं कसं ते पाहू. कारणं तीन : वारा, हादरे आणि ऊन.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० मैल वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४५ किलो होतो. त्यात ताशी १५ मैलांचा उलटा वारा मिळाला की तो ७० किलोंवर जातो. कव्हरची समोरची बाजू साठ सेंटिमीटर लांब-रुंद धरली, तर हा जोर अनुक्रमे १६ आणि २५ किलोंच्या घरात येतो. प्रत्यक्षात पुढची गाडी समोरचा वारा बराचसा अडवते. पण तिच्या पोटाखालून आलेली हवा नेमकी ए-फ्रेमच्या जागी उसळून वर येते, आणि शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की बाजूने थपडा बसतात. म्हणजे कव्हरला एका दिशेने सलग ढकललं जात नाही. ते सतत हलवलं जातं आणि खालून उचललं जातं. कोकणात वादळात घरावरचा पत्रा जातो तो असाच : वारा खालून शिरला की वरचे दगड पुरे पडत नाहीत. म्हणून कव्हर नुसतं ‘वर ठेवलेलं’ असून चालत नाही. त्याला खाली ओढून धरणारं काहीतरी हवं.

हादऱ्यांचं काम अधिक चोरटं आहे. बऱ्याच ट्रेलरवर टाक्यांच्या मधून एक आट्यांचा दांडा वर येतो. त्यावर आडवी पट्टी बसते आणि विंग नट पिळून ती टाक्यांवर दाबली जाते. काही कव्हरंही याच दांड्यावर आणखी एका नटने अडकवलेली असतात. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की आट्यांना आडवा हादरा सतत बसला की घट्ट आवळलेला नटसुद्धा आपोआप उलटा फिरू लागतो. विंग नट तर बोटांनीच आवळलेला असतो. शंभर-दोनशे मैलांत तो दोन-तीन फेरे सुटला, तर नवल नाही.

तिसरं ऊन. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उघड्यावर उभा असतो. अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि पहिला तडा जातो तो नटच्या भोकापासून. कव्हर काढा, उलटं करा आणि त्या भोकाकडे उजेडात बघा. भोकाच्या कडेवर पांढुरक्या रेघा दिसल्या तर प्लास्टिक तिथे ताणलं जातंय. रेघ कडेबाहेर पडून केसासारखी लांबली असेल, तर तो तडा. त्याच्या टोकाशी तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडलं की तडा सहसा पुढे सरकत नाही. मग दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी लावून रिव्हेट मारायचे. दोन-तीन ठिकाणी तडे असतील तर डागडुजीत वेळ घालवू नका, नवीन कव्हर घ्या.

बांधायला घेण्याआधी तीन नियम मनाशी पक्के करा. यांत तडजोड नाही.

पहिला नियम : टाक्यांची बांधणी वेगळी, कव्हरची वेगळी. कव्हर टाक्यांना धरून ठेवत नाही. कव्हर बाजूला काढा, टाकीची वरची कड दोन्ही हातांनी धरा आणि जोरात हलवा. टाकीबरोबर ट्रेलरचं नाक हललं पाहिजे. टाकी एकटी हलली तर आधी तिची पट्टी आवळा. कव्हरचा विचार त्यानंतर.

दुसरा : खालची बाजू मोकळी राहिली पाहिजे. प्रोपेन हवेच्या जवळजवळ दीडपट जड असतो. गळती झाली तर तो खाली उतरतो आणि उघड्या बुडातून निघून जातो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे २ ते साडेनऊ टक्के असताना तो पेट घेतो. कव्हर खडखडतंय म्हणून कडेने फोम भरणं, टेप मारणं, ताडपत्रीत गुंडाळणं म्हणजे गॅस साठवायला डबा तयार करणं. खडखडाट थांबवायचा तर फक्त कडेला रबराची पट्टी बसवा आणि बूड उघडंच ठेवा.

तिसरा : वरचं झाकण हत्याराशिवाय उघडलं पाहिजे. वास आला, आग दिसली, तर व्हॉल्व्ह बंद करायला हात क्षणात आत गेला पाहिजे. पाना शोधावा लागणारं कव्हर वाऱ्यात कितीही पक्कं बसलं, तरी ते चुकीचंच.

या तीन नियमांत बसणारी सगळ्यात चांगली बांधणी म्हणजे पट्टा. इंचभर रुंदीचा, कॅम बकलचा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा पट्टा घ्या. दात्यांचा रॅचेट पट्टा नको. त्याचा जोर इतका असतो की प्लास्टिक दबून वाकतं आणि नवे तडे जातात. पट्ट्याचं एक टोक टाक्यांच्या ट्रेच्या एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला. मधला भाग कव्हरवरून, झाकणाच्या पुढून. झाकणावरून पट्टा गेला तर तिसरा नियम मोडला. पट्टा नळीवर किंवा रेग्युलेटरवर दाबला जात नाही ना, हे आत हात घालून चाचपा. रस्त्यावर पट्टा वाऱ्याने फडफडतो आणि घासून कव्हरला चरे पाडतो. मोकळ्या लांबीत त्याला एक पीळ दिला की फडफड थांबते. उरलेलं शेपूट गाठ मारून आत खोचा.

रबरी बंजी दोरीने काम भागवणारे पुष्कळ आहेत. झाकण मिटलेलं ठेवायला ती ठीक आहे, पण अख्खं कव्हर तिच्या भरवशावर सोडू नये. वाऱ्याच्या धक्क्याने ती ताणते, कव्हर उचललं जातं आणि दर धक्क्याला थोडं जास्त. शिवाय उन्हात रबर झिजतं, आणि ताणलेला आकडा निसटला तर डोळ्याला इजा करतो.

आट्यांच्या दांड्यावरची बांधणी कायम ठेवायची असेल, तर तिथे दोन सुधारणा करा. नटखाली चांगला रुंद वॉशर आणि त्याखाली रबराची चकती घाला, म्हणजे जोर भोकाच्या कडेवर न येता पसरेल. आणि विंग नटवर दुसरा विंग नट चेक नट म्हणून आवळा. नायलॉक नट जास्त पक्का असतो, पण त्याला पाना लागतो. म्हणून तो टाक्यांच्या पट्टीसाठी ठेवा, कव्हरसाठी नको.

याशिवाय एक जोड हवीच : प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक स्टीलची तार. तिचं एक टोक कव्हरला, दुसरं ट्रेला. कप्लर सुटला तर सेफ्टी चेन असते, तशी पट्टा सुटला तर ही तार. कव्हर निखळलं तरी ते रस्त्यावर जाणार नाही. तार इतकीच सैल ठेवा की कव्हर उचलून बाजूला ठेवता येईल. जास्त लांब ठेवली तर ती चाकाकडे लोंबेल.

एक गोष्ट करू नका : ए-फ्रेममध्ये नवीन भोकं पाडू नका. त्या पोलादावर सगळा ट्रेलर ओढला जातो. ब्रेकच्या आणि दिव्यांच्या तारा, गॅसची नळी तिथूनच जातात. ट्रेला आधीच असलेली भोकं वापरा, नाहीतर यू-बोल्टने पट्टी आवळा. ड्रिल फक्त कव्हरला, आणि तेही कव्हर ट्रेलरपासून लांब नेऊन.

कव्हर सैल राहण्याची वेळ बहुतेकदा ठरलेली असते : गॅस भरून आणल्यानंतर. टाक्या जड असतात, अंधार पडत आलेला असतो, मुलं भुकेली असतात. कव्हरची खालची कड ट्रेच्या ओठात बसली की नाही हे न बघता वरून नट फिरवला जातो. त्या वेळी दोन मिनिटं जास्त द्या. टाक्या बसवल्यावर जोडणीला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले नाहीत तरच पुढे. मग कव्हर ठेवा, खालच्या कडेवरून सगळीकडे बोट फिरवा, मग पट्टा, मग तार, शेवटी झाकण. पहिल्या पन्नास मैलांनंतर पेट्रोलसाठी थांबाल तेव्हा पट्टा पुन्हा ओढून बघा. नवा पट्टा पहिल्या तासात हमखास थोडा ढिला पडतो.

झाकण सहज उघडण्याची गरज प्रवासातही पडते. अनेकजण गाडी चालू असताना टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवतात, आणि तीच सवय चांगली. काही बोगद्यांत तर प्रोपेनवर बंधनं आहेत. बाल्टिमोरमधल्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांहून मोठी टाकी घेऊन जाता येत नाही, म्हणजे आपला नेहमीचा ट्रेलर तिथे चालत नाही. पूर्वी असे लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ ला जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळला आणि तो रस्ता बंद झाला. न्यू जर्सीहून व्हर्जिनियाकडे ट्रेलर घेऊन निघणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा रस्ता आधीच ठरवून ठेवावा.

या सगळ्याला लागणारं सामान कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं : एक पट्टा, एक तार, दोन वॉशर, रबराचा तुकडा. अर्ध्या तासाचं काम आहे. येत्या शनिवारी ट्रेलर बाहेर काढण्याआधी ते करून टाका. मग झाकण उघडून डोळे मिटून व्हॉल्व्ह बंद करता येतो का, ते बघा. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते एकदा करायला लावा. कव्हरची बांधणी बरोबर झाली की नाही, हे या परीक्षेतच कळतं.

(पुढील आठवड्यात : ट्रेलरचे टायर आणि त्यांतली हवा)